‘काही नाही, टेन्शन आहे’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांत एक वाक्य इतक्या वेळा आलं की शेवटी मी ती सगळी पत्रं एका बाजूला काढून ठेवली. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन आहे." मी तीसेक वर्षं मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवली आणि मला त्या वाक्यातल्या "काही नाही" या दोन शब्दांचा खरंच त्रास होतो, कारण टेन्शन आलं की शरीरात खूप काही होतं, मोजता येईल असं होतं, रक्तात, हृदयात, आतड्यात, अगदी केसांच्या मुळाशीसुद्धा. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्याच पत्रांना दिलंय. नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय, हा तिसरा अटेम्प्ट. अभ्यासिकेत टेस्ट सिरीज सोडवताना मार्क चांगले पडतात. पण खऱ्या पेपरच्या दिवशी सकाळपासून तीन-चार वेळा टॉयलेटला जावं लागतं, हात बर्फासारखे गार आणि वर तळहाताला घाम, तोंड कोरडं, आणि पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं डोकं पूर्ण ब्लँक. रूममेट म्हणतात तू मनाने कच्चा आहेस. खरंय का हे? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही, खरं नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू सांगितलेली एकूण एक लक्षणं एकाच यंत्रणेची आहेत आणि ती यंत्रणा प्रत्येक माणसात आहे, तुझ्या रूममेटांतही.

धोका आहे असं मेंदूला वाटलं की सिम्पथेटिक नसा, म्हणजे शरीराला धोक्यासाठी तयार करणाऱ्या आपोआप चालणाऱ्या नसा, काही सेकंदांत कामाला लागतात. त्यातल्या काही थेट अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे जातात. दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक बसलेली असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, पण तिने अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सोडलं की हृदय जोरात धावायला लागतं, लिव्हर साठवलेली साखर बाहेर काढतं, श्वासनळ्या रुंदावतात आणि कातडीकडे जाणारं रक्त आखडतं घेऊन स्नायूंकडे वळवलं जातं, कारण शरीराच्या हिशोबाने आता एकतर पळायचंय नाहीतर लढायचंय. कातडीचं रक्त कमी झालं म्हणून तुझे हात गार. घामाच्या ग्रंथी पण याच नसांच्या हाताखाली, म्हणून गार हाताला घाम. लाळ कमी होते आणि घट्ट होते, म्हणून तोंड कोरडं.

आता पोटाचं सांगते, कारण त्याचीच तुला जास्त लाज वाटतेय असं पत्रावरून वाटलं. 1897 च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा मेडिकलचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ हा एक्स-रेत दिसणारा पदार्थ मिसळलेलं अन्न देऊन, तेव्हा अगदी नव्याने निघालेल्या एक्स-रे मशीनखाली त्यांच्या जठराची हालचाल बघत होता. मांजर शांत असलं की जठरात लाटा छान चालू, आणि ते घाबरलं किंवा चिडलं की लाटा एकदम बंद! पुढे याच माणसाने 1915 साली ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडली. तर टेन्शनमध्ये जठर थांबतं, म्हणून पेपरच्या दिवशी पोहे गळ्याखाली उतरत नाहीत, पण मोठ्या आतड्याचं बरोब्बर उलटं होतं, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागातून ताणाचा जो पहिला संदेश निघतो त्याच्याच परिणामाने मोठं आतडं जोरात हलायला लागतं आणि तू टॉयलेटकडे धावतोस. याचा आणि मन कच्चं असण्याचा काही संबंध नाही. आणि त्यासाठी मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणून घेऊ नकोस.

आता डोकं ब्लँक होण्याचं. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो विचार लावतो, पर्याय तपासतो, तो या रसायनांच्या बाबतीत फार नाजूक आहे. थोडी असली तर तो जास्त चांगला चालतो, फार झाली तर तो मागे पडतो आणि सवयीने चालणारे भाग पुढे येतात. 1908 साली यर्कीज आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं, अवघड काम शिकताना मध्यम दाब बरा, जास्त दाबाने उंदीर चुकायला लागतात. त्यात कॉर्टिसॉल नावाचं दुसरं हार्मोन वीस-तीस मिनिटांनी रक्तात टोकाला पोचतं आणि ते वाढलेलं असताना पाठ केलेलं आठवायला जड जातं. पुसलं गेलेलं नसतं हं, फक्त त्या वेळी हाती लागत नाही, म्हणून तर बाहेर पडल्यावर सगळी उत्तरं आठवतात.

अ‍ॅड्रिनॅलिन स्वतः फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत रक्तातलं निम्मं संपतं. पण "मी ब्लँक झालो, गेलं हे पण वर्ष" असं मनात चालू राहिलं की ग्रंथी नवं सोडत राहते. म्हणून पहिली दहा मिनिटं पेपरशी भांडू नकोस. ज्यात तुझा हात बसलाय असे सात-आठ प्रश्न शोध आणि तेवढेच सोडव, सवयीचं काम त्या अवस्थेतही होतं. केंद्रावर अर्धा तास आधी पोच पण गेटबाहेर जे घोळके काय आलंय काय येईल करत उभे असतात त्यात थांबू नकोस. सकाळचा दुसरा कप चहा-कॉफी त्या दिवशी सोड. आणि घरी मॉक टेस्ट पंख्याखाली लोळत देऊ नकोस, खऱ्या वेळेला, अनोळखी ठिकाणी, घड्याळ लावून दे, म्हणजे मेंदूला त्या धोक्याची ओळख होते. हे मी माझ्या कित्येक विद्यार्थ्यांकडून तोंडी परीक्षेच्या आधी करून घेतलंय.

प्रश्न : वय 38. सहा महिन्यांपासून रात्री झोपायला गेलं की अचानक छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही असं वाटतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आता आपण मरणार असं वाटतं. दोनदा रात्री हॉस्पिटलला नेलं. ईसीजी, टू डी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. आता घरात सगळे म्हणतात नाटक करते. मला खूप एकटं वाटतं. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही नाटक करत नाही. हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा.

तुम्हाला जे होतंय त्याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात असं तुमच्या वर्णनावरून दिसतंय, आणि त्यातल्या मुंग्या हा तर अगदी रसायनशास्त्राचा भाग आहे. भीतीने श्वास भरभर आणि वरवर चालायला लागतो. त्यामुळे ऑक्सिजन वाढत नाही, तो आधीच भरलेला असतो, कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर त्या वेळी लावून बघा, 97-98 च्या वर दिसेल. होतं काय तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो. आपण त्याला वाईट वायू समजतो पण रक्ताची आम्लता त्याच्यावरच तोललेली असते. तो कमी झाला की रक्त अल्कलीकडे झुकतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि मोकळं कॅल्शियम कमी पडलं की नसा उगाचच संदेश सोडायला लागतात, त्याच तुमच्या मुंग्या. कधी कधी बोटं वाकडी पण होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही कार्बन डायऑक्साइड घटला की आकसतात, म्हणून गरगरतं. मग या सगळ्याची अजून भीती वाटते, श्वास अजून वाढतो आणि चक्र फिरत राहतं. ईसीजीत यातलं काही दिसणार नाही कारण हृदय बिघडलेलंच नाहीये, ते फक्त मिळालेल्या हुकमाप्रमाणे धावतंय.

रात्रीच का, तर दिवसभर कामाच्या रगाड्यात शरीराकडे लक्ष नसतं, आणि डाव्या कुशीवर झोपलं की ठोके जास्त जाणवतात.

त्या वेळी करायचं एवढंच, उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, आणि श्वास "मोठा घे, मोठा घे" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. नाकाने साधा श्वास घ्या आणि सोडताना हळूहळू, फुंकणीतून फुंकल्यासारखा, घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावून सोडा. बहुतेक वेळा दहा मिनिटांत लाट चढते आणि मग ओसरायला लागते. तोंडाला कागदाची पिशवी लावायचा जुना उपाय मात्र नको, खरंच दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो धोक्याचा ठरतो.

पण माझं काम इथे संपत नाही, कारण तुमच्या यादीत एक तपासणी मला दिसली नाही, हिमोग्लोबिन. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया सापडलाय आणि रक्त कमी असलं की हृदयाला तेवढाच ऑक्सिजन पोचवायला जास्त पळावं लागतं. किती धडधड टेन्शनच्या नावावर खपते आणि मुळाशी आठ-साडेआठ हिमोग्लोबिन असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते तपासा. धडधड एकदम बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच एकदम थांबत असेल तर 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावायला सांगा. आणि कधीही छातीत दाब, तो जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, दरदरून घाम, मळमळ, जिना चढताना नव्याने दम लागणं असं झालं तर "माझं ते नेहमीचं टेन्शन" म्हणून घरी बसू नका, 108 ला फोन करा. बायकांचा हार्ट अ‍ॅटॅक छातीत फार न दुखताही येतो.

सगळं तपासून पॅनिकच निघालं तर त्याला चांगले उपचार आहेत, समुपदेशनाचे आणि औषधांचे, दोन्हींनी माणसं बरी होतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला घरातून अडवलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि एकटं वाटतं असं लिहिलंत ना, ते तिथे पहिल्यांदा सांगा.

प्रश्न : ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, अ‍ॅडमिट होते. आता नोव्हेंबरमध्ये केस मुठीने गळतायत. शाम्पू बदलला, तेल बदललं. टक्कल पडेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही पडणार. डोक्यावरचे साधारण दहापैकी नऊ केस वाढत असतात, एखादा विश्रांतीला गेलेला असतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घरातला मृत्यू असा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि विश्रांती संपवून दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे आज गळणारे केस ऑगस्टमध्येच सुटलेत, शाम्पूचा दोष नाही. सहा महिन्यांत परत भरतात. तेवढ्यात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड बघून घ्या, आणि महागडी सीरमं घेऊ नका.

प्रश्न : मी 59 वर्षांचा, दहा वर्षांपासून शुगर. गोळ्या त्याच, भाकरी तीच, चालणं पण चालू. मुलीच्या लग्नाच्या महिन्यात मात्र उपाशीपोटीची शुगर 130 वरून 210. गोड एकदाही खाल्लं नाही, बायको साक्षीला आहे. डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. – एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, माझा विश्वास आहे. साखर फक्त ताटातून येत नाही, लिव्हर पण ती बनवतं. त्याच्याकडे साधारण शंभर ग्रॅम साठा असतो, अ‍ॅड्रिनॅलिन तो मोकळा करतं, आणि ताण दिवसेंदिवस चालला की कॉर्टिसॉल पुढे येतं, ते प्रथिनं मोडून नवी साखर बनवायला लावतं आणि वर इन्सुलिनचा जोर कमी करतं. जंगलात पळणाऱ्या माणसाला ती साखर लागायची, हॉलवाल्याला ॲडव्हान्स देताना आणि पाहुण्यांच्या याद्या करताना ती जळत नाही, रक्तातच फिरत राहते. त्यात लग्नघरात झोप चार तास, जेवणाच्या वेळा गेलेल्या. कॉर्टिसॉलचं एक रोजचं वेळापत्रक असतं, पहाटे वाढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त, मध्यरात्री सगळ्यात कमी. जागरणाने ते विस्कटतं आणि सकाळची शुगर पहिली बिघडते. डोस स्वतः वाढवू नका, रोज घरी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, आकडे बघितल्यावर बोलणं बदलतं. दोन-तीन आठवड्यांत खाली आली नाही तर मात्र टेन्शनवर ढकलू नका, दुसरं कारण शोधायला हवं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की गुडघ्यासाठी गावातल्या एकाकडून पुड्या घेता आणि "एका दिवसात आराम पडतो". ते वाचून मी थांबले. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं, म्हणजे हेच कॉर्टिसॉल, बाहेरून, कितीतरी पटीने. आराम पडतो हे खरं, 1950 चं नोबेल कॉर्टिसॉन या कॉर्टिसॉलच्या भावंडावरच्याच कामाला मिळालं, सांधे धरलेले पेशंट त्याने चालायला लागले म्हणून. पण शुगर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, चेहरा गोल सुजतो, आणि बाहेरून मिळतंय म्हटल्यावर तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात. म्हणून पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि बरेच महिने घेत असाल तर आजच्या आज एकदम बंद करू नका. ग्रंथी जागी व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात साधा ताप आला तरी बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. हे फार महत्त्वाचं आहे, कृपया टाळू नका.

प्रश्न : सगळे म्हणतात प्राणायाम करा, टेन्शन जाईल. मला हे पटत नाही. श्वासाने हृदय कसं शांत होणार? पुरावा आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रश्न आवडला. मेंदूतून निघणारी दहावी नस, व्हेगस, ती हृदयाचा ब्रेक आहे. हृदयाला एकटं सोडलं तर ते मिनिटाला साधारण शंभरच्या गतीने चालेल, आपलं सत्तरवर असतं ते व्हेगसने धरून ठेवल्यामुळे. श्वास आत घेताना हा ब्रेक सैल होतो, सोडताना घट्ट. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घ्या, बऱ्याच जणांना हा फरक बोटांखाली कळतो, तरुण मुलांत तर फार छान कळतो.

व्हेगस हे कसं करते ते ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 मध्ये दाखवलं, बेडकाची दोन हृदयं घेऊन. एकाची व्हेगस उत्तेजित करून ते मंद केलं, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंद झालं, म्हणजे नस एक रसायन सोडते हे सिद्ध झालं. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत सुचली होती. 1936 चं नोबेल याच कामाला. आणि 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतून एक अभ्यास आला, त्यात लॅटिनमधली आवे मारिया ही जपमाळेची प्रार्थना आणि आपला ओम मणि पद्मे मंत्र दोन्ही म्हणायला लावले, तर दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके व बीपी त्या लयीत जुळले. आपल्या लोणावळ्यात कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासूनच योगाकडे मोजमाप करून बघायला सुरुवात केली होती, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

तेव्हा सावकाश श्वास आणि लांब उच्छ्वास, रोज दहा मिनिटं, याला आधार आहे. कपालभाती-भस्त्रिका हे जोराचे प्रकार, घाबरलेल्या माणसाने त्या क्षणी ते करू नयेत, श्वास आधीच जास्त चाललाय. आणि प्राणायामाने ब्लॉकेज निघतं, बीपीची गोळी सुटते असं कुणी सांगितलं तर ते ऐकून गोळी बंद करू नका.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, चार वर्षं मी एकटी बघते. नवरा मुंबईला, दीर पुण्याला. रात्री तीनदा उठावं लागतं. मला सतत सर्दी-खोकला, आणि विळीवर कापलेलं बोट पाच आठवडे भरलं नाही. सगळे म्हणतात तू तर घरीच असतेस, तुला कसला ताण? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, तुमच्यासारख्याच बायकांचा अभ्यास झालेला आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 बायका घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, असं काम अंगावर नसलेल्या 13 बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली आणि ती कधी भरते ते बघितलं. सांभाळणाऱ्यांची सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. जखम भरायला आधी पांढऱ्या पेशींनी तिथे येऊन साफसफाई आणि हाकाटी करावी लागते, आणि कॉर्टिसॉल ती हाकाटीच दाबून ठेवतं. थोड्या वेळासाठी हे सोयीचं असतं, चार वर्षं नाही. सर्दीचंही तसंच, 1991 मध्ये ब्रिटनमध्ये जवळपास चारशे निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम विषाणूचे थेंब घातले, ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त होता त्यांना सर्दी जास्त झाली. "घरीच असतेस" म्हणणाऱ्यांना हे दोन अभ्यास सांगा.

पाच आठवडे बोट भरत नाही म्हणजे शुगर आणि हिमोग्लोबिन तपासायलाच हवं, या आठवड्यात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. पण नुसत्या तपासण्यांनी तुमचं भागणार नाही, तुम्हाला झोप हवीय. मी तुम्हाला प्राणायाम करा असं सांगणार नाही, रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला अजून एक काम कशाला लावू. नवऱ्याला आणि दिरांना एकत्र फोन लावा, हे पान मोठ्याने वाचा, आणि पैसे पाठवतो म्हणाले तर सांगा की पैसे चालतील, रात्रीच्या बाईसाठी वापरीन, पण महिन्यातले चार दिवस तुमच्यापैकी एकाने इथे येऊन आईच्या खोलीत झोपायचं. तारखा त्याच फोनवर ठरवून घ्या. काय ठरलं ते मला कळवा, मी वाट बघतेय.